रोवणीचा दुसरा दिवस

दोस्तांनो, आज एक कोडं घालते. गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की राबणाऱ्या बायकांना सगळ्यात जड कोणता दिवस जातो? पहिला म्हणालात ना? मलाही वाटलं होतं तुम्ही तेच म्हणाल. पण पहिला दिवस हसतबोलत, गाणी म्हणत निघून जातो. संध्याकाळी थकवा असतो, पण जेवून आडवं झालं की झोप लागते. खरी परीक्षा असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठताना कंबर बोलते, मांड्यांच्या मागच्या शिरा ताठतात, पोटऱ्यांना हात लावू देववत नाही. तिसऱ्या दिवशीही तीच गत.

आणि मग गंमत होते. काम तेच, बांधी तीच, चिखलही घोट्याच्या वर तेवढाच. पण पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत ते दुखणं बरंचसं ओसरलेलं असतं. कुणी इंजेक्शन दिलेलं नाही, कुणी कामही कमी केलेलं नाही. मग बदललं काय? बदललेले असतात ते स्नायू. आणि ते कसे बदलतात, ही मला ठाऊक असलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

पुण्या-मुंबईच्या नि लातूर-सोलापूरच्या दोस्तांसाठी आधी रोवणीची ओळख करून देते. गोंदिया हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा, पावसाळ्यात चहूकडे पाणी भरलेल्या धानाच्या बांधी दिसतील. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे घातलेला शेताचा तुकडा. जवळच एखादा जुना मालगुजारी तलाव असतो, त्याला इकडे सगळे मामा तलाव म्हणतात. आधी एका कोपऱ्यात धान दाट पेरून रोपं तयार करतात, ते पऱ्हे. पाऊस चांगला झाला की बांधीत चिखलणी करतात, पऱ्हे उपटून त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि मग बायका ओळीने वाकून उभ्या राहतात. डाव्या हातात पेंढी. उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन रोपं अलग करायची, चिखलात रोवायची, पुन्हा अलग करायची, पुन्हा रोवायची. आणि हे सगळं एकेक पाऊल मागे सरकत, कारण पुढे सरकलं तर रोवलेलंच तुडवलं जाईल!

आता थोडं गणित करू. समजा, एका मिनिटात हात फक्त २० वेळा खाली गेला. तासाला झाले १२००. सहा तासांत ७२००. म्हणजे बोटांची चिमूट एका दिवसात सात हजारांहून जास्त वेळा आवळली आणि सुटली. ज्या स्नायूंनी हे केलं ते बोटांत असतील, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. डाव्या हाताने तुमच्या उजव्या कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची मूठ उघडमीट करा. हातात काहीतरी वळवळतंय ना? बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथे आहेत. तिथून लांब दोऱ्यांसारखे कंडरा निघतात, मनगटातून जातात आणि बोटांची हाडं ओढतात. बोटांत स्वतःचे म्हणावेत असे स्नायू जवळपास नाहीतच. म्हणून रोवणी करणारीचं आणि आपल्या जिल्ह्यात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचंही बोटांबरोबर कोपरापासून मनगटापर्यंतचं अंग भरून येतं.

ओढतात, असं मी म्हटलं. ते नीट लक्षात ठेवा. शरीरात सहाशेहून जास्त स्नायू आहेत आणि त्यांतला एकही ढकलत नाही. प्रत्येक स्नायू फक्त आखडतो आणि ओढतो. तुम्ही दार ढकलता तेव्हासुद्धा दंडामागचा स्नायू कोपराचं हाड ओढून हात सरळ करत असतो.

हे ओढणं कसं होतं? स्नायूची एकेक पेशी केसाहून बारीक, पण चांगली काही सेंटिमीटर लांब असू शकते. तिच्या आत प्रथिनांचे दोन प्रकारचे तंतू शेजारीशेजारी असतात : जाड ते मायोसिनचे आणि बारीक ते अॅक्टिनचे. मायोसिनला असंख्य इवलाली डोकी असतात. ती अॅक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात, पुढे जाऊन पुन्हा पकडतात. रस्सीखेच खेळताना आपण दोरावर हात बदलत जातो ना, अगदी तसं. दोर आखूड होत नाही, तो फक्त सरकतो. स्नायूचे तंतूही आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, आणि त्यामुळे अख्खी पेशी आखडते. १९५४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे मांडलं. एका जोडीत अँड्र्यू हक्सली, दुसरीत ह्यू हक्सली. आडनाव एकच, पण नात्याचे नव्हेत.

या खेळात शिट्टी फुंकतं कॅल्शियम. मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूतून पेशीपर्यंत आला की पेशीतल्या बारीक पिशव्यांची दारं उघडतात आणि त्यांत साठवलेलं कॅल्शियम बाहेर पडतं. ते आलं की मायोसिनची डोकी अॅक्टिनला पकडू शकतात. कॅल्शियम परत पिशवीत ओढून घेतलं की पकड सुटते, स्नायू सैल पडतो. आणि प्रत्येक डोक्याला सुटून पुन्हा पकडण्यासाठी एटीपी नावाच्या रेणूची ऊर्जा लागते. कॅल्शियम पिशवीत परत भरायलाही एटीपीच लागतो. म्हणजे बघा, ताणायलाही खर्च आणि सैल पडायलाही खर्च!

पण पेशीत साठवलेला एटीपी असतो किती? जोरात काम केलं तर जेमतेम दोन-चार सेकंद पुरेल एवढाच. मग सात हजार चिमटी कशा होतात? कारण पेशी तो सतत नव्याने बनवत राहते. सगळ्यात आधी क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा मदतीला येतो, तो आणखी काही सेकंद पुरतो. मग पेशीत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मोडायला सुरुवात होते. आणि दिवसभर चालणाऱ्या कामाचा खरा भार उचलतात त्या तंतुकणिका. त्या रक्तातून आलेला प्राणवायू वापरतात आणि साखर व चरबी यांच्यापासून सावकाश, पण भरपूर एटीपी करतात.

हे सगळं इतकं चोख असताना मग स्नायू थकतो का?

आधी एक प्रयोग करा. घड्याळ समोर ठेवा. हात खांद्याच्या उंचीला सरळ पुढे धरा आणि जितक्या जलद जमेल तितक्या जलद मूठ पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. मोजत राहा. पहिली वीस-तीस सहज होतील. मग बोटं जड होतील. पुढे तर तुम्ही 'मीट!' असं मनात ओरडाल आणि बोटं अर्ध्यातच थांबतील. हुकूम तोच, हात तोच, तरी स्नायू ऐकत नाही.

इटलीतल्या तुरिन शहरात अँजेलो मोस्सो नावाच्या शास्त्रज्ञाने सव्वाशे वर्षांपूर्वी याच गोष्टीचा ध्यास घेतला होता. त्याने एक यंत्र केलं. हात पट्ट्यांनी बांधायचा, मधल्या बोटाला दोरी आणि दोरीला वजन. बोट वाकवलं की वजन उचललं जाई आणि ते किती उचललं याची रेघ काजळी धरलेल्या कागदावर उमटे. रेघा आखूड आखूड होत जात आणि शेवटी थांबत. १८९१ साली त्याने थकव्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की त्याच्या एका सहकाऱ्याने दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आणि नंतर यंत्रावर बोट ठेवलं, तर बोट नेहमीपेक्षा लवकर थकलं! बोटाने दिवसभर काहीच उचललं नव्हतं, थकला होता तो मेंदू. तेव्हा थकव्याचा एक भाग वर डोक्यातही घडतो, हे लक्षात ठेवा.

बाकीचा भाग पेशीत घडतो. एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट मोडताना फॉस्फेट मोकळं होतं आणि पेशीत साचत जातं. त्यामुळे मायोसिनच्या डोक्यांचा जोर कमी होतो. काही फॉस्फेट कॅल्शियमच्या पिशव्यांत शिरून तिथल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि निरोप आला तरी पुरेसं कॅल्शियम बाहेर पडत नाही. शिवाय प्रत्येक निरोपाबरोबर थोडं पोटॅशियम पेशीबाहेर जातं. भराभर निरोप आले तर ते आत ओढणाऱ्या पंपांना वेळच मिळत नाही, आणि पेशीच्या पृष्ठावरून धावणारा विजेचा निरोपच क्षीण होतो.

आता खरी आश्चर्याची गोष्ट. हात अगदी गळाला तरी पेशीतला एटीपी संपलेला नसतो. बराचसा तसाच शिल्लक असतो. तो पूर्ण संपला तर मायोसिनची पकड सुटणारच नाही आणि स्नायू लाकडासारखा ताठ होईल. ती वेळ येण्याच्या कितीतरी आधी पेशी स्वतःच काम मंदावते. म्हणून 'थकला म्हणजे कमजोर' असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. थकणारी पेशी स्वतःला वाचवत असते.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, 'पण आम्हाला तर सांगितलंय, लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून स्नायू थकतो आणि दुखतो!' हे मोठी माणसंही म्हणतात. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांना थकलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल सापडलं आणि तेव्हापासून त्याच्यावर आळ आला. सापडलं ते खरंच. पण चोरीच्या जागी उभा असलेला प्रत्येक जण चोर नसतो. दमछाक करणाऱ्या कामात पेशी आम्लधर्मी होते, त्याचा थोडा परिणाम होतो. पण लॅक्टेट स्वतः तर इंधन आहे, हृदयसुद्धा ते आनंदाने वापरतं. आणि काम थांबल्यावर तासाभरात ते रक्तात पूर्वीइतकंच उरतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर दुखायला ते कसं कारणीभूत असेल, तुम्हीच सांगा.

विश्रांतीत काय होतं तेही पाहू. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा तीन-पाच मिनिटांत बहुतेक भरून येतो. पोटॅशियम आत परततं, फॉस्फेट पुन्हा कामाला लागतं. मोडलेलं ग्लायकोजेन भरायला मात्र चांगलं जेवण आणि दिवसभराचा वेळ लागतो. या मिनिटांची किंमत साऱ्या महाराष्ट्राला एकदा कळली आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव दमवणारी कुस्ती खेळून उतरले आणि त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूने बोलायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. ती कुस्ती ते हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! तो अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रोवणीत ही विश्रांती बायका स्वतःच शोधतात. मूठ मिटली की उघडते, त्या क्षणात स्नायूत रक्त शिरतं, म्हणून बोटं तासन्‌तास टिकतात. उलट पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून नुसती धरून उभे राहा, दोन-तीन मिनिटांत खांदा जळू लागेल. सतत ताणलेला स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो, प्राणवायू कमी पोचतो. कमरेचं तर आणखी वेगळं आहे. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळपास गप्प होतात आणि भार मणक्यांमधल्या अस्थिबंधांवर पडतो. स्नायूंना तेवढा आराम, पण अस्थिबंध ताणत जातात. त्यामुळे मधूनमधून कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहणारी बाई आळस करत नसते. तिला 'चला, चला' म्हणणाऱ्या शेतमालकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक. भर पावसात, ओल्या लुगड्यात, पाण्यात पाय बुडवून काम करताना थंडी का वाजत नाही? स्नायू जेवढी ऊर्जा खर्चतो त्यातली साधारण चौथाईच कामी येते, बाकीची उष्णता होते. दुपारी धुऱ्यावर जेवायला बसलं की मात्र कुडकुडायला होतं. आणि ते कुडकुडणं म्हणजे तरी काय? पुन्हा स्नायूच, उष्णतेसाठी स्वतःहून भराभर आखडणारे.

आता आपल्या कोड्याकडे. दुसऱ्या दिवसाचं दुखणं येतं कुठून? स्नायू आखडत असताना काम करतो, तसा लांब होत असतानाही करतो. वाकताना पाठीचे आणि मांडीमागचे स्नायू लांब होतात, तरी शरीर धपकन पडू नये म्हणून धरून ठेवतात. चिखलात पाय मागे टेकतानाही असंच. लांब होता होता धरणं हे स्नायूला सर्वांत कठीण जातं. वर्षभर सवय नसली की काही तंतू आतल्या आत विस्कटतात, काही ठिकाणी पेशीचं आवरण चिरतं. हे डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं. मग तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, मोडलेलं उचलतात, थोडी सूज येते आणि तिथले मज्जातंतू हळवे होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांनी सर्वांत जास्त असतं. ती दुरुस्ती चालू असल्याची खूण.

दुरुस्ती करणाऱ्यांत एक फार खास पेशी आहे. १९६१ साली अमेरिकेत अलेक्झांडर मौरो बेडकाचे स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना स्नायुपेशीला बाहेरून चिकटून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. एरवी त्या शांत असतात. स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, एकीच्या दोन होतात, आणि त्यांतल्या काही जखमी स्नायुपेशीत चक्क मिसळून जातात. आपलं केंद्रकही तिला देऊन टाकतात! काही मात्र मागे राहतात, पुढच्या खेपेसाठी.

आणि दुरुस्त झालेला स्नायू पूर्वीसारखा राहत नाही. तेच काम पुन्हा केलं की इजा कमी होते, दुखणंही कमी. एकदाच्या कामाने मिळालेलं हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं, कधी काही महिनेही. कारणं अनेक आहेत : मेंदू जास्त पेशींत काम वाटून द्यायला शिकतो, पेशींभोवतीची जाळी बळकट होते, सूजही बेताने येते. म्हणून पाचव्या दिवशी कंबर गप्प बसते. आणि मधे अख्खं वर्ष गेलं की हे संरक्षण विरतं, म्हणून पुढच्या आषाढात पुन्हा तोच दुसरा दिवस!

काम आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर आणखी खोल बदल होतात. १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची ताकद दुप्पट झालेली आढळली. पेशींभोवती बारीक रक्तवाहिन्याही वाढतात. पण सगळे स्नायू एकाच प्रकारच्या कामाचे नसतात. नागझिऱ्याच्या जंगलातले रानकुत्रे चितळामागे दूरवर पळत राहतात, बिबट्या मात्र थोड्या उड्यांत शिकार साधली नाही तर सोडून देतो. सतत राबणारे आणि झटकन जोर लावणारे, अशा दोन्ही प्रकारच्या पेशी तुमच्या-माझ्या स्नायूंतही मिसळलेल्या आहेत.

न थकणारा स्नायू हवा असेल तर छातीवर हात ठेवा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसात १,०३,६८० वेळा आखडतं. त्याच्या पेशीचा जवळपास तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी भरलेला असतो. आणि तेही प्रत्येक ठोक्यानंतर सैल पडतं, दर वेळी, न चुकता. आयुष्यभराची सगळी विश्रांती ते अशी तुकड्यातुकड्यांनी घेतं.

आता तुमचं काम. आठ दिवस रोज एकाच वेळी तो मूठ उघडमिटीचा प्रयोग करा आणि आकडा वहीत लिहा. एक दिवस खेळून आल्यावर, एक दिवस गणिताचा पेपर सोडवल्यावर करून पाहा. दुखलं तर लगेच थांबा, जबरदस्ती नको. आठ दिवसांत आकडा वाढला तर तो स्नायू फुगल्यामुळे नव्हे. सुरुवातीची बरीचशी वाढ मेंदू आणि मज्जातंतूंच्या शिकण्याने येते. आणि तुमच्या घरी आई, आजी, मावशी कुणी रोवणीला जात असेल, तर त्यांनाही रोज सकाळी विचारा, आज कुठे आणि किती दुखतंय, आणि त्यांचं उत्तर त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहा. वही भरली की आम्हाला नक्की पाठवा.